नावावर पाय कसा द्यायचा?

बर्लिनला पहिल्यांदा येणारं कुणी मला विचारतं ना की काय काय बघू, तर मी आधी सांगते की फुटपाथकडे बघत चाल. ब्रँडेनबुर्ग गेट, भिंत, म्युझियमं हे सगळं होतंच बघून, ते कुणी चुकवत नाही, पण घरांच्या दारासमोर फरसबंदीत मध्येच एखादा पितळी चौकोन बसवलेला असतो तो कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर, बस्स एवढाच. वाकून बघितलं की अक्षरं लागतात. पहिली ओळ 'इथे राहत होते', मग नाव, जन्माचं वर्ष, कधी धरून नेलं, कुठे नेलं आणि शेवटी बहुतेकांच्या बाबतीत कुठे आणि कधी मारलं. श्टोल्परश्टाइन, म्हणजे ठेच लागणारे दगड, म्हणतात यांना, नाझींनी छळलेल्या-मारलेल्या माणसांच्या आठवणीचे. नावात ठेच आहे पण पायाला ठेच वगैरे काही लागत नाही, रस्त्याच्या पातळीलाच बसवलेले असतात.

आमच्या बिल्डिंगसमोर तीन आहेत, शेजारी शेजारी. नवरा, बायको आणि मुलगी. मुलीचं जन्मवर्ष १९३६, तिघांनाही १९४३ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत नेलं. म्हणजे मुलगी सात वर्षांची, आपल्याकडे दुसरीत असते त्या वयाची. ज्या दारातून मी रोज भाजीची पिशवी घेऊन वर जाते त्याच दारातून ती ये-जा करत असणार, तिचं शाळेत जायचं वय झालं तोवर तर ज्यू मुलांच्या शाळाच बंद केल्या होत्या. हे वाचल्यापासून ते दार मला नुसतं दार वाटत नाही.

हे दगड गुंटर डेम्निग नावाच्या कलाकाराची कल्पना. १९४० मध्ये कोलोनहून हजार सिंती आणि रोमा लोकांना, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणायचे त्यांना, धरून नेलं होतं, त्या वाटेवर त्याने १९९० मध्ये शहरभर रंगाची एक रेघ काढली होती. पुढे ती रेघ पुसट झाली आणि तो तिथे पुन्हा काम करत असताना एक वयस्कर बाई त्याला म्हणाल्या की आमच्या भागात असे लोक कधी राहतच नव्हते. हे तो स्वतः सांगतो. त्या बाई खोटं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच माहीत नव्हतं की आपले शेजारी कोण होते, आणि मला वाटतं सगळी गोष्ट इथेच आहे. एक मोठं स्मारक बांधून त्यावर लाखांचे आकडे लिहिले तर त्या बाईंना काही फरक पडला नसता, त्यांना त्यांच्याच गल्लीतलं घर दाखवायला हवं होतं. पहिला दगड त्याने १९९२ च्या डिसेंबरमध्ये कोलोनच्या टाउनहॉलसमोर बसवला. बर्लिनमध्ये १९९६ साली क्रॉइत्सबर्ग भागात ओरानियनश्ट्रासवर कुणाची परवानगी न घेता बसवले, परवानगी नंतर आली. २०२३ च्या मे महिन्यात न्युर्नबर्गला एक लाखावा बसला.

आणि फक्त ज्यू लोकांचे नाहीत हं, सिंती-रोमा, समलिंगी, यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातले लोक, राजकीय विरोधक, मतिमंद किंवा अपंग म्हणून हॉस्पिटलात मारून टाकलेली माणसं, सगळ्यांचे आहेत. नियम एकच, एक दगड म्हणजे एक माणूस. घरातलं कुणी पळून जाऊन वाचलं असेल, एखाद्या मुलाला इंग्लंडला पाठवलं असेल, तर त्याचाही दगड आईवडलांच्या शेजारी बसवतात, म्हणजे घर निदान फुटपाथवर तरी परत एकत्र येतं. दगडावरच्या पितळी पत्र्यावरचं एकेक अक्षर हातोडीने हाताने ठोकतात. मशीनवर भराभर निघाले असते, पण डेम्निगचं म्हणणं असं की मारायचं काम कारखान्यासारखं झालं होतं म्हणून आठवणीचं काम हातानेच व्हायला पाहिजे. एक दगड बसवायचा म्हणजे आधी कुणीतरी अर्ज करतं, जुनी कागदपत्रं धुंडाळतं, नातेवाईक शोधतं, बऱ्याचदा शाळेतली मुलंच हे करतात, आणि बर्लिनमध्ये तर नंबर लागायला कित्येक वर्षं जातात.

आता मूळ मुद्दा, जो माझ्या आईने काढला. ती उन्हाळ्यात माझ्याकडे आली होती आणि दुसऱ्याच दिवशी दारातून बाहेर पडताना थबकली, मला म्हणाली, "अगं, ही नावं आहेत ना गं माणसांची? मग यावर पाय कसा देतात लोक?" मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चपला बाजूला काढल्या आणि खाली वाकून तिन्ही दगडांना हात लावून नमस्कार केला. त्यानंतर राहिली तितके दिवस रोज ती त्या दगडांना वळसा घालूनच जायची, हातात कितीही सामान असलं तरी.

आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पुस्तकाला पाय लागला, वहीला लागला, कुणाच्या अंगाला चुकून लागला की हात आपोआप तिकडे जातो आणि मग छातीला. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही हे तर बोलायला यायच्या आधीच शिकवतात. मग ज्यांना असं मारलं त्यांचं नाव पायाखाली? खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी राहतात, त्यांना मी आईचं हे म्हणणं सांगितलं, कारण मलाही उत्तर हवंच होतं. त्या म्हणाल्या की वाचायचं असेल तर वाकावं लागतं ना, भिंतीवरच्या पाटीसमोर कोण वाकतं? डेम्निगही हेच म्हणतो, वाचणारा माणूस नकळत त्या व्यक्तीसमोर झुकतो. शिवाय पावलांनी पितळ घासलं जातं, चमकत राहतं, म्हणजे लोक चालतात म्हणून नाव टिकतं. ऐकायला पटतं. पण आमच्याकडचे दगड भिंतीच्या कडेला आहेत, तिथे कुणाचे पाय फारसे पडत नाहीत, त्यामुळे ते काळे पडतात.

आणि आई एकटीच असं म्हणते असंही नाही. म्युनिकमध्ये सार्वजनिक रस्त्यावर हे दगड बसवायला बंदी आहे. २००४ मध्ये तिथल्या नगरपालिकेने तसं ठरवलं आणि २०१५ मध्ये पुन्हा तेच कायम केलं. सगळ्यात ठाम विरोध कुणाचा होता तर शार्लोट क्नोब्लोख यांचा, म्युनिकच्या ज्यू समाजाच्या अध्यक्षांचा. त्या १९३२ च्या, एका खेड्यात शेतावर लपवून ठेवलं म्हणून लहानपणी वाचल्या. त्यांचं म्हणणं सरळ आहे, तेव्हा आम्हाला बुटांनी तुडवलं, आता आमची नावंही तुडवायची का? याला इतिहासही आहे, पोलंडमध्ये प्वाशुव्हच्या छळछावणीत नाझींनी ज्यू कबरींचे दगड उखडून रस्त्याला घातले होते, कैद्यांना आपल्याच लोकांच्या नावांवरून चालायला लावलं होतं. हे माहीत असल्यावर क्नोब्लोखबाईंना तुम्ही भावनेच्या भरात बोलताय असं कोण म्हणेल. म्युनिकने २०१८ पासून घरांच्या भिंतींवर पाट्या आणि दारासमोर डोळ्यांच्या उंचीचे खांब लावायला सुरुवात केली. दुसरीकडे त्याच म्युनिकमधल्या बळींचे काही नातेवाईक आपल्या माणसांसाठी फुटपाथवरचा दगडच मागत कोर्टात गेले. म्हणजे ज्यांचं दुःख आहे त्यांच्यातच एकमत नाही, आणि बाहेरच्यांनी कुणाचं बरोबर ते ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

यावर विचार करताना मला सारखं पंढरपूर आठवत राहिलं. नामदेवांनी काय मागितलं होतं, तर आपण देवळाच्या पायरीचा चिरा व्हावं आणि येणाऱ्या जाणाऱ्या संतांचे पाय आपल्यावर पडावेत. पायाखाली येणं हाच मान, त्याहून मोठी जागा नको. आणि वारकरी काय करतात? नामदेव पायरीवर डोकं टेकतात आणि पाय न देता ओलांडून जातात. मागणाऱ्याने पाय मागितले, देणाऱ्याने डोकं दिलं, आणि दोघांचंही प्रेमच. एकाच पायरीवर हे दोन्ही इतकी शतकं चालू आहे आणि आपल्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. पण त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे हेही विसरता येत नाही, त्यांना आत जाऊ दिलं नव्हतं, आणि दलितांसाठी ते दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. पायरी एकच, नामदेवांनी ती स्वतः मागून घेतली, चोखोबांना मात्र बाहेरच थांबवलं. मला वाटतं सगळा फरक इथे आहे. पायाखालची जागा माणसाने स्वतः घेतली की त्याला ढकललं, हे पाहिल्याशिवाय त्या जागेचा अर्थ लागतच नाही.

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये गेला असाल तर आठवेल, जमीनच थडग्यांच्या दगडांची आहे, पोर्तुगीज घराण्यांची नावं आणि राजचिन्हं कोरलेली, आपण त्यावरूनच चालतो. चर्चच्या आत पुरलं जाणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, तिथे पायाखाली येण्यात अपमान कुणाला वाटला नाही. आणि आपल्या देवळांत तर कितीतरी ठिकाणी पायऱ्यांवर, फरशांवर कोरलेलं असतं, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. भाविकांची पायधूळ लागावी म्हणून घरच्यांनी हौसेने बसवलेली फरशी. माझ्या आईनेही अशा फरशांवरून शेकडो वेळा प्रदक्षिणा घातल्या असतील. मी तिला हे फोनवर विचारलं तेव्हा ती जरा वेळ विचार करून म्हणाली, "ती नावं त्यांच्या माणसांनी ठेवलीयत गं. यांची माणसंच उरली नाहीत. मग यांना कुणी विचारलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. काही दगड बसवताना नातवंडं-पतवंडं इस्राएलहून, अमेरिकेहून येतात, प्रार्थना म्हणतात, तेव्हा उत्तर मिळतं. पण आमच्या दारातल्या तिघांचं कुणी होतं का ते बिल्डिंगमधल्या कुणालाच माहीत नाही.

दर वर्षी नोव्हेंबरच्या ९ तारखेला, म्हणजे १९३८ मध्ये याच रात्री ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली जाळली त्या दिवशी, लोक आपापल्या दारातले दगड घासायला उतरतात. जानेवारीत २७ तारखेलाही काहीजण करतात, आउशवित्झची सुटका झाली तो दिवस. आमच्याकडे खालच्या आजी मेटल पॉलिशची ट्यूब, स्पंज आणि जुना टॉवेल घेऊन गुडघ्याखाली उशी ठेवून बसतात, मी पाण्याची बादली घेऊन. पॉलिश थोडंसं लावायचं, गोल गोल घासायचं, पहिल्यांदा फडक्यावर नुसता काळा राप निघतो, मग अक्षरांच्या खाचांतली माती काढायला जुना टूथब्रश, मग ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. दिवाळीच्या आधी देवाची पितळी भांडी घासायला बसतो ना, अगदी तसंच, फक्त थंडीने बोटं बधिर होतात. घासता घासता बोट अक्षरांवरून फिरतं आणि एकेक आकडा हाताला लागतो, १, ९, ३, ६. आजी दर वेळी तिन्ही नावं मोठ्याने वाचतात. मग एक पांढरं गुलाब आणि काचेतली मेणबत्ती ठेवायची. येणारे जाणारे थांबतात, कुणी विचारतं, कुणी नुसती मान हलवून जातं. मागच्या खेपेला शेजारच्या तुर्की बेकरीतला मुलगा गरम चहा घेऊन आला आणि तोही बसला घासायला, त्याला दुकानात लवकर परत जायचं होतं तरी.

सगळीकडे असंच असतं असंही नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्साइट्स नावाच्या पूर्वेकडच्या छोट्या गावातले सगळेच्या सगळे १० दगड कुणीतरी रात्रीत उपटून नेले. बातमी वाचून फार राग आला होता. मग गावकऱ्यांनी आणि लांबलांबच्या लोकांनी पैसे पाठवले, लागत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि दगड पुन्हा बसले. उपटणाऱ्यालाही नीट माहीत होतं की तळहाताएवढ्या पत्र्यात काय आहे, नाहीतर एवढी मेहनत कोण घेईल.

मी स्वतः अजूनही आईसारखी वळसाच घालते. आजी बिनधास्त त्यावरून जातात, आणि त्यांच्याइतकं त्या तिघांसाठी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीच करत नाही, त्यामुळे पाय देणाऱ्याला आदर नाही असं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

तुमच्या गावातल्या देवळाच्या पायऱ्यांवर, घाटावर अशी नावं असतील तर मला जरूर लिहा. कुणाची आहेत, कुणी बसवली, आणि लोक त्यावरून चालतात की बाजूने जातात, मला खरंच हे जाणून घ्यायचंय, आणि आजींनाही. त्यांना मी पायरीवरच्या कै. पाट्यांबद्दल सांगितल्यापासून त्या दर आठवड्याला विचारतात की तुझ्या देशातून कुणी काही कळवलं का.