घाट कधी संपला ते आठवत नाही

डिसेंबरातली सकाळ होती. ओतूरकडची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दवाखान्याच्या बाकावर सगळी माणसं मफलर, कानटोप्या, शालींत गुरफटून बसली होती. त्यांतल्या एकाच माणसाच्या शर्टाची कॉलर मागून ओली दिसत होती.

वय बावन्न, धंदा टेंपोचा. नाव सांगत नाही, इथे नुसतं ‘भाऊ’ म्हणतो. रात्री भाजीपाला भरून माळशेजमार्गे कल्याणला जायचं, माल उतरवून सकाळी परत. वीस वर्षं हीच चाकोरी. लायसन जानेवारीत संपणार होतं, म्हणून फॉर्म १-अ ची, म्हणजे डॉक्टरच्या दाखल्याची, झेरॉक्स घेऊन आले होते. आता ही माहिती लायसनच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर भरावी लागते, पण माणसं अजून कागद घेऊनच येतात.

“डॉक्टर, सही तेवढी करा. बाकी काय न्हाय, वाईच साखर हाय.”

साखर आहे म्हणून लायसन मिळत नाही, असं आपल्याकडे नाही, हे आधी सांगतो. फॉर्म १ हा अर्जदाराने स्वतः भरायचा. त्यात फिट किंवा अचानक शुद्ध हरपणं, चक्कर येणं, रातांधळेपणा, लाल-हिरवा रंग ओळखणं, ऐकू येणं, हातापायांतला दोष असं विचारलेलं असतं. शेवटी, वाहन चालवताना लोकांना धोका होईल असा दुसरा कुठला आजार आहे का, हा प्रश्न. मधुमेहाचं नाव कुठेच नाही. फॉर्म १-अ डॉक्टरने भरायचा. तो वाहतुकीच्या वाहनासाठी आणि चाळिशीपुढच्या सर्वांना लागतो. म्हणजे साखरेच्या माणसाचं खरं काय ते डॉक्टर काय विचारतो यावर ठरतं. भाऊंनी आजारांच्या सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहिलं होतं, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरंच होतं.

नंबरप्लेट पंचवीस मीटरवरून वाचता आली पाहिजे. व्हरांड्याच्या कडेपासून समोरच्या पिठाच्या गिरणीचं अंतर मी टेपने मोजून घेतलं आहे. गिरणीपुढे उभ्या गाडीचा नंबर भाऊंनी बरोबर वाचला. मी “ठीक आहे” म्हटलं, तर त्यांनी तोच नंबर पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग तिसऱ्यांदा. “बास, झालं,” म्हणालो तेव्हा एकदम चिडले, “कितीदा वाचायला लावता?” शांत माणूस आहे हा. मी त्यांचा हात धरला. तळवा गार आणि चिंब.

बोट साबणाने धुऊन, पुसून ग्लुकोमीटर लावला. आकडा आला ४८, म्हणजे रक्तातली साखर धोक्याइतकी खाली.

हात धुणं ही औपचारिकता म्हणून सांगत नाही. आमच्या जुन्नर तालुक्यात द्राक्षांच्या हंगामात बोटांना रस लागलेला असतो. न धुता बोट टोचलं तर रक्तातली साखर पन्नास असली तरी यंत्र दीडशे दाखवू शकतं, आणि माणूस निर्धास्त होऊन गाडी हाकतो. सणासुदीला लाडू वळल्यावरही तसंच.

कंपाउंडर साखरेचा चहा आणायला धावला. मी त्याला थांबवलं, कारण भाऊंच्या खिशातून गोळ्यांची पट्टी डोकावत होती आणि ती तीन औषधांची होती: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. व्होग्लिबोज आतड्यात आपल्या नेहमीच्या साखरेचं विघटन रोखून धरतं. अशा माणसाला चहा-साखर, बिस्किट, लाडू दिला तरी रक्तातला आकडा लवकर चढत नाही. त्याला ग्लुकोजची पावडरच लागते, कारण ग्लुकोज तोडावं लागत नाही, थेट शोषलं जातं. पट्टीवर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं; प्रत्येकाने आपली पट्टी एकदा उलटून वाचावी. नाव ‘बोज’ने संपत असेल तर खिशात पिठीसाखर नको, ग्लुकोज हवं.

१५ ग्रॅम ग्लुकोज अर्धा पेला पाण्यात. शुद्धीत होते, गिळता येत होतं, म्हणून तोंडाने दिलं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन लावायचा. पंधरा मिनिटांनी ६१. पुन्हा तेवढंच दिलं. आणखी पंधरा मिनिटांनी ९६. मग दूध-भाकरी. भाऊ भानावर आले आणि पहिलं वाक्य काय, तर “कवा आलो मी हितं?”

गाडी स्वतः चालवत आले होते. टेंपो गिरणीच्या बाजूला उभा होता. नंबरप्लेट वाचली ती त्यांच्याच गाडीची, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

झालं होतं ते असं. सकाळी सहाला घरी पोचले. सातला नेहमीची गोळी घेतली. ‘रक्त उपाशीपोटी तपासतात’ म्हणून काही खाल्लं नाही. ग्लिमेपिराइडला तुम्ही जेवलात की नाही याच्याशी देणंघेणं नसतं; ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतंच. ज्याला उपाशी राहायचं आहे त्याने ती गोळी घ्यायची नाही, खाताना घ्यायची. हे एवढं वाक्य त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांना घरी सोडलं नाही. ही गोळी चोवीस तास रेंगाळते आणि वर आणलेली साखर पुन्हा घसरते. दुपारी दीडला आकडा ६८. मग डेक्स्ट्रोजची बाटली लावली, दर दोन तासांनी बोट टोचलं, रात्रभर ठेवलं. क्रिएटिनिन आलं १.९. या वयाच्या पुरुषात म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग (ईजीएफआर) साधारण चाळीस-बेचाळीसवर घसरलेला. औषध बाहेर पडायची वाटच अरुंद झालेली, डोस मात्र पाच वर्षांपूर्वीचाच.

आणि तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, ६.३. हा कागद दाखवून भाऊ अभिमानाने म्हणाले की सगळे कौतुक करतात. मला त्याच आकड्याने धास्ती वाटली. ग्लिमेपिराइड आणि अधू मूत्रपिंड असलेल्या ड्रायव्हरचा ६.३ म्हणजे वरच्या साखरेत अधेमधे खड्डे पडलेले असण्याची शक्यता फार. सरासरीत खड्डे दिसत नाहीत.

रात्री त्यांच्या खाटेजवळ बसून विचारलं, “भाऊ, घाटात कधी असं झालंय?” बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खुबी फाटा आठवतो. मग एकदम सरळगाव. मधला घाट कधी संपला त्ये आठवत न्हाय. दोन-तीनदा झालंय. मला वाटलं झोप.”

खुबी फाटा ओलांडला की माळशेजची उतरण लागते. ती वळणं ज्याने रात्री पाहिली आहेत त्याच्या अंगावर या वाक्याने काटा येईल. रात्री नऊला गोळी, जेवण अर्धपोटी, कारण पोटभर जेवलं की झोप येते. अकराला निघायचं. साखर तळाला जाण्याची वेळ आणि घाटाची वेळ एकच.

मग घाबरल्यासारखं कसं झालं नाही? थरथर, धडधड व्हायला हवी होती. एक कारण असं की साखर वारंवार खाली गेली की शरीर धोक्याची घंटा वाजवणंच सोडतं. दुसरं कारण रक्तदाबाच्या गोळीत होतं: अ‍ॅटेनोलॉल. ते धडधड आणि थरथर दाबतं. घाम मात्र दाबत नाही. ओल्या कॉलरने आम्हाला सावध केलं ते यामुळे. कुणी ही गोळी वाचूनच बंद करू नये. ती एकदम थांबवली तर हृदयाला त्रास होतो. आम्ही दोन आठवड्यांत उतरवत नेली आणि दुसरी सुरू केली.

सकाळी पाय पाहिले. चपलेच्या तळातून बाभळीचा काटा आरपार येऊन उजव्या टाचेत मोडला होता. कधीचा, ते त्यांना ठाऊक नव्हतं. १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळपायावर दहा ठिकाणी टेकवला, तीनच ठिकाणी कळला. डोळे मिटवून पायाचा अंगठा वर-खाली केला आणि दिशा विचारली तर पाचांतले दोन चुकले, घोटा मात्र दर वेळी बरोबर. मग किल्ली माझ्या खिशात ठेवून त्यांना उभ्या टेंपोत बसवलं: समोर बघत बसा, मी ‘ब्रेक’ म्हटलं की पाय न्या. पहिल्याच वेळी त्यांनी मान खाली घालून पाय कुठे आहे ते पाहिलं. दुसऱ्या वेळी चप्पल एक्सिलरेटरखाली अडकली आणि पाय तिच्याविना ब्रेकवर गेला. चप्पल गेल्याचं त्यांना कळलं नाही.

या चाचणीचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही. मला ती मोलाची वाटते. बधिर पायाच्या माणसाने चपलेत गाडी चालवूच नये. टाचेला पट्टा असलेली, पातळ आणि ताठ तळाची सँडल घालावी. जाड स्पंजचा बूटही नको, उरलासुरला दाब त्यात मुरतो.

डोळ्यांसाठी त्यांना पुण्याला पाठवलं, पुतण्याला सोबत देऊन, कारण बाहुली मोठी करणारे थेंब घातले की चार-सहा तास उजेड सहन होत नाही आणि त्या दिवशी गाडी चालवायची नसते. दिवसा नंबरप्लेट खडखडीत वाचणाऱ्या या माणसाच्या दोन्ही पडद्यांवर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवलेल्या निघाल्या. लेसर लागलं. लेसर मधली नजर वाचवतं, पण त्याच्या मोबदल्यात कडेची आणि अंधारातली नजर थोडी घेतं. ड्रायव्हरला हे आधीच सांगायला हवं.

मी सही केली नाही. भाऊंचा चेहरा उतरला, बायको रडली. टेंपोचे हप्ते चालू होते. पण नूतनीकरणाला वाव असतो: मुदत संपण्याआधी एक वर्ष आणि संपल्यावर एक वर्ष अर्ज करता येतो, त्यानंतर मात्र पुन्हा परीक्षा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीचं लायसन पाच वर्षांचं झालं आहे, पूर्वी तीन होतं. म्हणजे माझी एक सही पाच वर्षं घाटात धावणार. मधल्या काळात, मुदत संपलेल्या लायसनवर, चाक हातात घ्यायचं नाही हे त्यांना दोनदा सांगितलं. आजारामुळे अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८६ खाली दंड पहिल्यांदा एक हजार रुपये आहे. दंड किरकोळ आहे; धाक म्हणून मी तो सांगितला नाही. घाट पुरेसा होता.

तीन औषधांची गोळी बंद केली. लिनाग्लिप्टिन ५ मिलिग्रॅम, कारण ते मूत्रपिंड पाहून कमी करावं लागत नाही, आणि मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, त्याहून जास्त नाही. ही दोन औषधं सहसा साखर पाडत नाहीत. आता सरासरी ७.२ आहे आणि मी त्यावर खूश आहे.

केबिनसाठी त्यांना जे लिहून दिलं ते इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला देतो. निघताना आकडा ९० च्या वर हवा, खाली असेल तर आधी खायचं. दर दोन तासांनी तपासायचं, पण घाटाच्या आधी तपासायचंच: जाताना खुबी फाट्यावर, कारण पुढे थांबायला जागा मिळत नाही. शंका आली की गाडी कडेला, इंजिन बंद, किल्ली काढायची, चाकापुढून उठून बाजूच्या सीटवर बसायचं, मग ग्लुकोज. आकडा सुधारल्यावरही पाऊण तास चाक धरायचं नाही. ब्रिटनमध्ये इन्सुलिनवरच्या चालकांना हाच नियम आहे, कारण रक्तातली साखर आधी वर येते आणि मेंदू मागाहून. स्ट्रिपची डबी डॅशबोर्डवर ठेवायची नाही, उन्हाने त्या बिघडतात आणि खोटा आकडा देतात.

आता मार्च आहे. लेसरच्या दोन बैठका झाल्या, तिसरी बाकी आहे. त्यानंतर कडेच्या नजरेची तपासणी, पुन्हा उभ्या टेंपोतली परीक्षा, मग मी ठरवीन. ‘फक्त दिवसा’ असा रकाना लायसनवर नसतो, त्यामुळे रात्रीचं चाक सोडल्याचा शब्द त्यांच्याकडून आणि पुतण्याकडून समोरासमोर घेणार आहे. फॉर्म माझ्या खणात आहे, नंबरप्लेटच्या रकान्यापर्यंत भरलेला.

गाडी पुतण्या चालवतो. त्याला घाट नवा आहे. परवा साखरेच्या आकड्यांची वही दाखवायला दोघं आले होते; ‘खुबी फाटा’ या नावासमोरचे आकडे ओळीने १२४, १३८, ११९. “आपल्याच गाडीत डाव्या अंगाला बसायचं लई जड जातं,” भाऊ म्हणाले. पुतण्या म्हणाला, “पण समदी वळणं तेच सांगत्यात, येण्याआधी.”