खो ऐकून पट्टी पकडली आणि मग वही उघडली

काल शाळेत जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. मी पुण्यात पेठेतल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. यंदा पीटीचे सर आणि मी मिळून खेळावर प्रोजेक्ट घेतलाय, म्हणजे पोरांनी ग्राउंडवर मोजायचं, वर्गात येऊन गणित करायचं आणि मग असं का झालं यावर बोलायचं.

काल पट्टीचा प्रयोग होता. एकाने पट्टी वरून धरून अचानक सोडायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी बोटं उघडी ठेवून पकडायची. जितक्या सेंटिमीटरवर पकडली त्यावरून वेळ निघतो, २० ला ०.२० सेकंद. एका पोराने ४ वर पकडली आणि बेंचवर चढून नाचायलाच लागला. हिशोब केला तर ०.०९ सेकंद! मग मी सांगितलं की धावण्याच्या मोठ्या स्पर्धांमध्ये बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत निघालात तर फॉल्स स्टार्ट धरतात, कारण आवाज ऐकून इतक्या लवकर कुणी निघूच शकत नाही असं मानतात. म्हणजे याने अंदाजाने बोटं मिटली होती. पुढच्या वेळी १७ आले.

मग तेच डोळे मिटून, आणि पट्टी सोडताना मोठ्याने "खो" म्हणायचं. आता बऱ्याच जणांचे आकडे कमी आले. बघण्यापेक्षा ऐकून माणूस जरा लवकर हलतो, आणि खोखोत तर खो पाठीमागूनच येतो, बसलेल्याला देणारा दिसतसुद्धा नाही. डेक्कन जिमखान्यावर १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले गेले, शाळेपासून इतकं जवळ, हे सांगितल्यावर पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

सगळ्यात कमी आकडा आला शेवटच्या बेंचवरच्या एका मुलीचा, ११. म्हणजे ०.१५ सेकंद. तीनदा करून बघितलं, १२ च्या वर गेलीच नाही. सातवीपर्यंत खोखो खेळायची, मग सुटलं.

आणि हीच मुलगी ६०० मीटरच्या यादीत अगदी खाली. ही टेस्ट फिटनेससाठी सगळ्यांचीच घेतो. यादी फळ्यावर होती, एक मुलगा म्हणाला, बाई, मुलींचा स्टॅमिना आठवीनंतर जातोच, डेटाच सांगतोय. वाईट हेतूने नाही बोलला, समोर दिसलं ते बोलला. मी म्हणलं वयात येताना मुलांचं हिमोग्लोबिन आणि स्नायू वाढतात, सरासरीत फरक पडतो हे खरंय, पण मुलांच्या मागे असणं वेगळं आणि स्वतःच्याच सातवीतल्या टायमिंगच्या मागे जाणं वेगळं, आणि इथे निम्म्या मुली स्वतःच्याच मागे गेल्यात.

तेव्हा ती उठली. एरवी हजेरीलासुद्धा ऐकू येईल न येईल असं बोलते. म्हणाली, बाई, आम्हाला ग्राउंड किती वेळा मिळालं ते पण मोजा ना.

पीटीची वही मॉनिटरकडेच असते. दोघींनी वाचायचं, दोघांनी फळ्यावर रेघा मारायच्या असं ठरलं. जूनपासून २२ तास. मुलं ग्राउंडवर १९ वेळा. मुली ७. बाकीच्या तासांपुढे काय लिहिलेलं? गॅदरिंगचा डान्स, रांगोळी, आणि सगळ्यात जास्त वेळा "वर्गात". ग्राउंड एकच, तेही एवढंसं, मुलांची मॅच लावली की मुलींना जागाच उरत नाही. सातवीत सगळे एकत्र खेळायचे, आठवीपासून वेगळं केलं, तेव्हापासूनचंच हे. मीही याच शाळेत आहे इतकी वर्षं, खिडकीतून ग्राउंड दिसतं मला, आणि माझ्या कधी लक्षात आलं नाही याचं फार वाईट वाटलं.

सर दारात उभे राहून सगळं बघत होते. आत आले, वही हातात घेतली, पानं उलटली आणि म्हणाले, "सगळीकडे सही माझीच आहे." वर्गात कुणी हाललं नाही. मग त्यांनीच खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, बुधवार, शुक्रवार, ग्राउंड मुलींचं.

जानेवारीत परत ६०० मीटर मोजायचंय. नव्या तक्त्यात टायमिंगच्या शेजारी "ग्राउंडचे तास" असा रकाना तिने काल मधल्या सुट्टीतच आखून टाकला, स्केलने, त्याच पट्टीने.