लांब नोटीस खरी, छोटं बिल खोटं

मागच्या दिवाळीत ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या नावाने एक मेल फिरला. हुबेहूब आमचं मेंटेनन्सचं बिल, फक्त बँक खात्याचा नंबर वेगळा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पैसे भरणारच होत्या; खात्री करायला माझ्याकडे आल्या म्हणून वाचल्या. सेक्रेटरी मी, बिलंही माझ्याच पायथन स्क्रिप्टमधून (छोट्या प्रोग्राममधून) जातात. प्रत्येक मेलवर डिजिटल सही करायची, असं त्याच रात्री ठरवलं.

मेल पाठवायच्या ५८७ पोर्टवर स्टार्टटीएलएस, म्हणजे जोडणी कूटबद्ध करणारी आज्ञा, लावलं की झालं, असं मी तोवर धरून चाललो होतो. त्याने सुरक्षित होते ती माझ्या मशीनपासून मेल सर्व्हरपर्यंतची वाट. मेल सोसायटीनेच लिहिलाय, हे त्यावरून वाचणाऱ्याला कळत नाही. (त्यातही एसएसएल कॉन्टेक्स्ट, म्हणजे जोडणीच्या सुरक्षेच्या सेटिंग्ज, दिला नाही तर पायथन सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासत नाही. मी तो देत नव्हतो.) सहीसाठी एस-माइम हे मेलवर सही करायचं प्रमाण लागतं. सोसायटीच्या मेल पत्त्याचं सर्टिफिकेट घेतलं, पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीला प्रायव्हेट की (सही करायची गुप्त किल्ली) दिली आणि संध्याकाळपर्यंत सही होऊ लागली.

थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्राममध्ये चाचणी घेतली. पाण्याच्या टाकीची लांबलचक मराठी नोटीस: सही वैध. चार ओळींचं बिल: सही अवैध. की तीच, स्क्रिप्ट तीच. सर्टिफिकेटच बिघडलंय असं समजून मी दोन रात्री नको तिथे शोधत बसलो.

शेवटी पाठवलेला आणि पोचलेला मेल शेजारी शेजारी उघडला. पाठवताना बिलातली देवनागरी उघडी, ८-बिट होती, म्हणजे बाइट्स होते तसेच. पोचली तेव्हा ती बेस६४ झालेली, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत बदललेली. वाटेतल्या सर्व्हरने मजकूर तोच ठेवून वेष्टन बदललं होतं, पण सही बाइट्सवर असते, अर्थावर नाही. मग नोटिशीची सही कशी टिकली? देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट्स घेतं. ओळी ७८ बाइट्सच्या आत असल्या की मेलमध्ये मजकूर भरणारं पायथनचं सेट_कंटेंट तो ८-बिटच ठेवतं. ओळ त्याहून लांब असली की स्वतःच एन्कोड करतं, म्हणजे बेस६४सारख्या रूपात बदलतं. नोटिशीतल्या लांब ओळी आधीच एन्कोड होऊन निघाल्या होत्या, म्हणून कुणी त्यांना हात लावला नाही.

सेट_कंटेंटला सीटीई (मजकूर कोणत्या रूपात पाठवायचा ते) म्हणून बेस६४ सांगितलं. एका शब्दाचं काम. सही झालेले बाइट्स पुन्हा पायथनच्या मेसेज ऑब्जेक्टमध्ये (मेल रचणाऱ्या साच्यात) न घालता जसेच्या तसे पाठवतो, कारण तिथेही एखादी ओळ नव्याने मोडली जाऊ शकते.

विषयाची ओळ सहीच्या बाहेर राहते, म्हणून रक्कम आणि खाते नंबर आता फक्त मजकुरात असतात. काकूंच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड टाकून दिलं आणि सहीची खूण कुठे दिसते ते दाखवलं. या महिन्याचं बिल उघडल्यावर त्यांनी आधी ती खूण पाहिली, मग रक्कम.