आजीचा तीळ

घर रंगवायला काढलंय म्हणून परवा भिंतीवरच्या फ्रेमा उतरवत होतो. आजीच्या फोटोची काच तडकलेली, म्हणून दुपारी तो घेऊन कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याने मागचे बारीक खिळे उपसले आणि नखाने फोटोचा कोपरा सोडवायला गेला, तर ढिम्म हलेना. म्हणाला, दादा, हा चिकटवलाय कशाने? म्हटलं, इस्त्रीने. तो माझ्याकडे बघतच राहिला.

आता त्याला ड्राय माउंटिंग, म्हणजे ओल्या गोंदाशिवाय नुसत्या उष्णतेने फोटो बोर्डावर चिकटवणं, कुठून समजावणार. बाबा बाथरूममध्ये लाल दिवा लावून प्रिंट काढायचे, आणि तेव्हाचा फायबर पेपर वाळला की पापडासारखा वाकडा व्हायचा. खळ लावली की सुरकुत्या, रबर सोल्यूशनचे काही वर्षांनी पिवळे डाग. मग ते बोरा बाजारातून टिश्यू आणायचे, पातळसा कागद, दोन्ही बाजूंना गरम झाल्यावर चिकटणारा थर. खरं तर त्याचा प्रेस असतो. आमच्याकडे होती शाळेच्या युनिफॉर्मची इस्त्री.

रविवारी जेवणं झाली की जमिनीवर चादरीची घडी पडायची. आधी प्रिंट आणि बोर्ड नुसतेच शेकून घ्यायचे, पावसाळ्यात तर जरा जास्तच, कारण कागदात ओल राहिली की वाफेचे फुगे आलेच. मग फोटोच्या पाठीला मधोमध इस्त्रीचं टोक टेकवून टिश्यू अडकवायचा, दोन्ही एकदमच कापायचे, बोर्डावर ठेवून फोटोचा कोपरा उचलून खालचा टिश्यू टाचायचा, वर बटर पेपर, इस्त्रीचं बटण सिल्क आणि वुलच्या मध्ये कुठेतरी, आणि मधून कडांकडे दाबत जायचं. फिरवायची नाही हं, दाबायची. शेवटी गार होईपर्यंत वर टेलिफोन डिरेक्टरीचे ठोकळे. मग बाबा बोर्ड हलकेच वाकवून बघायचे, कोपरा सुटला नाही की स्वारी खूश. आणि आतून आई, अहो, परवा याच्या पांढऱ्या शर्टाला तुमचा तो गोंद लागलाय, आता मुलगा शाळेत काय घालून जाणार!

तो मोठा अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्ससुद्धा आपले प्रिंट असेच माउंट करायचा, हे वाक्य मी आरतीपेक्षा जास्त वेळा ऐकलंय. आता म्युझियमवाले म्हणतात असं कायमचं चिकटवू नका, कागदी कोपऱ्यांत अडकवा, म्हणजे उद्या फोटो सोडवता येईल. बाबा असते तर म्हणाले असते, सोडवायचाय कशाला?

तर आजीचा फोटो माउंट होत होता त्या दिवशी मी शेजारी बसून रव्याचा लाडू खात होतो. या कामात धुळीचा कणही चालत नाही, खाली अडकला की वर पुटकुळी. डिरेक्टऱ्या उचलल्या तर आजीच्या डाव्या गालावर एक बारीक टेंगूळ. बाबांनी फोटो खिडकीपाशी नेला, तिरका धरला, परत आणला. मला एक शब्द बोलले नाहीत, तेच वाईट. आजीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, बरा दिसतोय की तीळ!

फ्रेमवाला म्हणाला, स्कॅन करून नवा प्रिंट काढून देतो, आणि ते गालावरचं पण साफ करतो, फुकटात. सांगतो म्हटलं आणि घरी आलो. संध्याकाळी आत्याला फोन केला, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारलं, आत्या, आजीच्या गालावर तीळ होता का गं?

"होता की! डाव्या गालावर. आमच्या आईचाच तर उचललाय तुझ्या लेकीने."

लेकीला खरंच आहे तिथे तीळ. बाबा गेले, आजी गेली, रव्याचं आता मला एकट्यालाच माहीत. मी हो म्हटलं.

फ्रेमवाल्याचे दोन मिस्ड कॉल आहेत.