बसा म्हटलं तरी बसेना

बेळगावजवळच्या खानापुरातल्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स आहे, पण निम्मा दिवस जातो तो दुभाषेगिरीत. डॉक्टरबाई विजापूरकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. जांबोटी-कणकुंबीकडचे पेशंट मराठी. मध्ये मी.

जुलैचा पाऊस लागून राहिला होता. बाक रिकामा असूनही 26 वर्षांची एक सून भिंतीला टेकून उभी, एक पाय जरा फाकवून. "बसा की," म्हटलं. "नको, मी उभीच ऱ्हातो." (आमच्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात.) कणकुंबीपासून बसमध्येही ती उभ्यानंच आली होती.

सासूनं आधीच सांगून टाकलं, "कंबर धरलीया तिची."

आत डॉक्टरबाई "कुंद्रव्वा" (बस गं) म्हणाल्या, तशी तिनं मान खाली घातली. कंबर धरलेला माणूस बसायला जागा शोधतो. मी सासूला केसपेपर करायला बाहेर पाठवलं आणि दार लावलं.

"सिस्टर, खाली केस्तूड आलंय. गेल्या दिवाळीतबी आलतं. ब्लेड लावून घेतलं, पंधरा दिवसांत बुजलं. आता परत."

तपासलं तर डाव्या बाजूला, योनीच्या तोंडाशी खालच्या अंगाला, लिंबाएवढी लालभडक सूज. हात लावू देईना. ताप 101. केस्तूड नव्हतंच ते. तिथं दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढ्या बार्थोलिन ग्रंथी असतात, ओलावा देणाऱ्या. नळीचं तोंड बंद झालं की आत पाणी साचतं, त्यात जंतू शिरले की पू. 17व्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका वैद्याचं नाव या ग्रंथीला आहे. आमच्या बोलीत मात्र तिला नावच नाही, म्हणून सगळंच केस्तूड.

मग डॉक्टरबाईंनी नवऱ्याबद्दल विचारलं: त्याला लघवीला जळजळ, स्राव? हे मराठीत आणताना मीच अडखळले. ती एकदम रडायला लागली. आठ दिवस तिला हीच भीती होती, की लोक म्हणतील बाहेरचा रोग आणला. डॉक्टरबाई म्हणाल्या, कधी कधी संबंधातून येतो, म्हणून विचारायचं. पण पुष्कळदा आपल्याच आतड्यातले जंतू असतात. हे वाक्य मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्या मनानं.

जागा बधिर करून चीर दिली. नुसती चीर बुजते आणि गाठ परत येते, म्हणून कडा बाहेर वळवून टाके घातले, तोंड उघडं राहावं अशा बेतानं. पू तपासणीला काढून ठेवला, साखरही बघितली. दुखणं तिथल्या तिथं निम्मं उतरलं.

सासूला काय सांगायचं, हे मी सुनेलाच विचारलं. "गाठ हुती म्हणून सांगा. जागा नको." तेवढंच सांगितलं. सासूचा पहिला प्रश्न, "कॅन्सर न्हाई न्हवं?" चाळिशीनंतर अशी गाठ आली तर तुकडा तपासायला पाठवतात, हिच्या वयात ती शंका फार कमी, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

केसपेपर कन्नडमध्ये. मागच्या बाजूला मी मराठीत लिहिलं: गोळ्या पूर्ण घ्यायच्या, दिवसातून तीनदा टबात कोमट पाण्यात दहा मिनिटं बसायचं, ताप आला तर लगेच यायचं.

"टब कुठला आमच्यात?" सासू म्हणाली. "घमेलं हाय, शेणाचं." मी जवळजवळ ओरडलेच.

म्हातारी छत्री उघडून गेली. अर्ध्या तासानं निळा प्लास्टिकचा टब डोक्यावर पालथा घालून परत आली. सगळ्यांसमोर फरशीवर ठेवला, लुगडं सावरून स्वतः त्यात बसली आणि मला म्हणाली, "एवढा बास न्हवं?"