आपलं खोरं वरून बघायचं तर शिखर सोडा

जन्म ज्या खोऱ्यात गेला ते एकदा वरून बघावं म्हटलं की माणूस थेट सर्वांत उंच टोक गाठतो. घोळ तिथेच होतो. बऱ्याच डोंगरांचा माथा गोलसर असतो, त्यामुळे डोंगराचं पोटच पायथा झाकून टाकतं. समोरची शिखरं झकास दिसतात, वस्ती मात्र गायब! त्यापेक्षा खोऱ्यात पुढे घुसलेली एखादी सोंड धरा. चढाच्या साधारण दोन तृतीयांश उंचीवर, सोंडेच्या टोकाला, तीन बाजू उघड्या मिळतात.

उंचीचा हव्यास तसाही फारसा फळत नाही. सपाट प्रदेशात १०० मीटरवरून क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर असतं, ४०० मीटरवरून ७१. म्हणजे चौपट चढा तेव्हा दुप्पट. खोऱ्यात तर समोरचा डोंगरच नजर अडवतो. उलट घर लांब जातं. १० मीटर रुंदीचं घर ३ किलोमीटरवरून हात लांब करून मापलं तर जेमतेम २ मिलिमीटर भरतं, मोहरीच्या दाण्याएवढं.

म्हणून आधी छप्पर शोधत बसू नका. नदीचं वळण, पूल, पाण्याची टाकी, टॉवर अशी ठळक खूण पकडा आणि तिथून एकेक टप्पा घराकडे सरका. खोऱ्यातच वाढलेला माणूस इथे हमखास चकतो, कारण त्याच्या डोक्यातला नकाशा रस्त्यांचा असतो. रस्त्याने अर्धा तास लांब असलेल्या दोन वाड्या वरून एकमेकींना खेटून दिसतात, मध्ये फक्त एक घळ. सायकलवर दम काढणारा पाच-दहा मीटरचा चढ तर वरून सपाटच होतो. ओढ्याचं पाणी दिसलं नाही तरी काठच्या झाडांची हिरवी रेघ दिसते, तिचा माग काढा.

दुर्बीण ८×४२ची पुरे, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची. तिच्यातून ३ किलोमीटरवरचं घर पावणेचारशे मीटरवर असल्यासारखं दिसतं. १० पटीच्या दुर्बिणीत हाताची थरथरही तेवढीच वाढते; ती असेल तर बसून कोपरं गुडघ्यांवर टेका.

वेळ फार महत्त्वाची. भर दुपारी सावल्या आखडतात आणि सगळं खोरं चपटं दिसतं. तिरपं ऊन हवं. हिवाळ्यातल्या निरभ्र, शांत रात्री थंड हवा उतारांवरून खाली येऊन तळाशी साचते, दमट असेल तर धुकं धरतं. धुक्याचा समुद्र हवा असेल तर उजाडण्याआधी पोहोचा. घर बघायचं असेल तर ऊन चढून धुकं विरेपर्यंत थांबा. मात्र वारा पडलेला असला की धूरही त्याच थंड हवेत कोंडतो, मग धुकं गेलं तरी राखाडी झाकण राहतं. सर्वांत स्वच्छ हवा पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर.

फोनची नेहमीची लेन्स रुंद असते, त्यामुळे समोरचा डोंगर फोटोत वारुळाएवढा होतो. दोन-तीन पट झूम करा, फोन उभा धरा आणि एकमेकांवर एक तृतीयांश चढतील असे चार-पाच फोटो घ्या, मग ते जोडून एक रुंद फोटो करा. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, लॉक केलं नाही तर जोडताना आभाळात पट्टे उमटतात.

कड्याच्या टोकाचं गवत पुष्कळदा पोकळीवर लोंबत असतं, खाली माती नसते. दोन मीटर आतच थांबा.

पश्चिमेला डोंगर असेल तर तळाशी सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी सावली पडते. वर ऊन असतं म्हणून वेळ आहे असं वाटतं, आणि उतरणीची वाट तोवर अंधारलेली असते. बॅटरी वेगळी न्या. फोनचं चार्जिंग फोटोंनी खाल्लेलं असतं.