गाडीच्या दारांना साइड बीडिंग लावलं, त्याचा अनुभव

आमच्या स्विफ्टला रस्त्यावर आजवर कोणी ठोकलेलं नाही, जे काय पोचे आहेत ते सगळे सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी शांत उभी असताना पडलेत. डाव्या हाताला शेजारच्या काकांची उंच एसयूव्ही, उजव्या हाताला वॅगन आर, आणि मागे खांब. शेजारी चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही, पण सकाळी शाळेची घाई असली की पोरं दार ढकलतात आणि दाराची कड बरोबर आपल्या दारावर येऊन टेकते. आवाज पण एवढासाच, टक्. मग रविवारी गाडी धुवायला घेतली की उन्हात दिसतं, अरे हा नवीन.

मुळात जागाच किती असते बघा. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत छोट्या गाडीसाठी २.३ बाय ४.५ मीटर आणि मोठीसाठी २.५ बाय ५ मीटर अशी पार्किंगची मापं आहेत, आणि आमच्याकडचे बहुतेक पट्टे छोट्या मापाचे. स्विफ्टची रुंदी १७३५ मिलिमीटर, क्रेटासारख्या गाडीची १७९०, म्हणजे दोघी आपापल्या पट्ट्यात अगदी मधोमध लावल्या तरी मध्ये उरतात जेमतेम ५४ सेंटीमीटर, तेही आरसे न धरता. याच जागेत दोन मारुती ८०० असत्या (१४४० मिलिमीटर) तर ८६ सेंटीमीटर उरले असते. गाड्या फुगल्या, पट्टे तेवढेच राहिले, आणि गंमत म्हणजे त्या जुन्या एस्टीम, सॅंट्रोच्या दारांना काळ्या रबरी पट्ट्या असायच्या आणि आता जिथे खरी गरज आहे तिथे कंपन्यांनी त्या काढून टाकल्या, कारण म्हणे लुक. असो.

आधी गॅरेजला विचारलं. एका दाराचा रंग साडेतीन हजार म्हणाला. इन्शुरन्समधून करा म्हणाला, तर त्याचा हिशोब मला पटेना. क्लेम केला की हजार रुपये तर आपल्याच खिशातून जातात (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एवढे सक्तीचे असतात, गॅरेजवाले त्याला फाइल चार्ज म्हणतात) आणि वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते. तो बोनस पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ करत ५० पर्यंत चढतो आणि एका क्लेममध्ये शून्यावर येतो. माझा ५० वर होता. एका पोच्यासाठी तो घालवायचा आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी परत टक्! रंग न काढता आतून पोचा वर आणणारे लोक असतात, ते स्वस्त पडतं, पण तेही पोचा पडून गेल्यावरचं काम झालं ना. म्हणून ठरवलं की आधी दारांना बाहेरून आडव्या पट्ट्या, म्हणजे साइड बीडिंग, लावायच्या, पोचे नंतर.

पट्ट्या घ्यायला पुण्यातल्या नाना पेठेत गेले. दुकानदाराने सगळ्यात आधी काय काढलं असेल तर क्रोमची बारीक लाइन, "ताई, सगळे हीच नेतात, गाडी उठून दिसते." दिसते हो, पण जेमतेम तीन मिलिमीटर जाड आणि वर चकचकीत प्लॅस्टिक, दुसऱ्याच्या दाराची कड त्यावर आपटली की क्रोम उडणार आणि खालच्या पत्र्याला जे लागायचं ते लागणारच. दुसरं म्हणजे बॉडी कलरचं, ते कंपनीच्या ऍक्सेसरीमध्ये पण मिळतं, दिसायला सगळ्यात छान, पण रंगावरच ओरखडे येणार म्हटल्यावर मग दार काय वाईट होतं! तिसरं कोपऱ्यात पडलेलं काळं, मऊसर, साडेचार सेंटीमीटर रुंद आणि नऊ-दहा मिलिमीटर उठाव असलेलं, गुंडाळीतून कापून मिळणारं. दिसायला अगदी टेम्पोला लावतात तसं. तेच घेतलं. दुकानदाराचा चेहरा पडला पण पैसे दोन हजाराच्या आत बसले.

फिटिंग तिथेच करून देतो म्हणाला, आणि मी विचारलं की उंची कशी ठरवणार, तर उत्तर, "दाराच्या लाइनवर लावतात ताई, सगळ्यांच्या तशीच असते." आता दाराची लाइन कंपनीच्या डिझायनरने काढलेली, काकांच्या दाराने थोडीच बघून ठेवलीय ती! पट्टी घेऊन सरळ घरी आले.

मग काकांना गाठलं. म्हटलं, काका, तुमचं दार जरा हळूच उघडून माझ्या गाडीला टेकवू का. आधी त्यांना वाटलं मी भांडायला आलेय. समजावल्यावर स्वतःच उत्साहाने खाली आले, चष्मा लावून. माझ्या दारावर उभा मास्किंग टेप चिकटवला, त्यांचं ड्रायव्हरचं दार सावकाश उघडलं, जिथे कड टेकली तिथे पेनाने खूण केली, मग मागचं दार, परत खूण. जमिनीपासून साधारण ७४ सेंटीमीटर. जुने पोचे पण बघितले तर त्याच पट्ट्यात, वर-खाली दोन बोटं. मग दुसऱ्या बाजूला वॅगन आरवाल्या वहिनींना बोलावलं, त्यांची कड टेकली ६६ ला. म्हणजे दोन बाजूंमध्ये ८ सेंटीमीटरचा फरक आणि माझी पट्टी साडेचारची. घरी यावर बरीच चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं मधली उंची पकडून दोन्हीकडे सारखी लावू, पण मध्ये लावली तर धड इकडची कड अडत नाही धड तिकडची. मी म्हटलं डावीकडे ७४ ला लावू आणि उजवीकडे ६६ ला. "दोन बाजूंना वेगवेगळी? लोक हसतील." अहो, पण गाडीच्या दोन्ही बाजू एका वेळी कोणाला दिसतात? पुढून बघितलं तर पट्टीच दिसत नाही. ठरलं.

आणखी एक गोष्ट तपासावी लागते. दार सपाट नसतं, कुठेतरी पोट सुटलेलं असतं आणि खाली आत गेलेलं असतं. पट्टी त्या आत गेलेल्या भागावर बसली तर तिचा सगळा उठाव तिथेच जिरतो आणि समोरची कड पोटावरच आपटते. म्हणून एक सरळ लाकडी पट्टी दारावर उभी धरून बघितलं, बीडिंगचा तुकडा हातात धरून, की सगळ्यात आधी बीडिंगच टेकतंय ना. माझ्याकडे दोन्ही उंचीला टेकत होतं. नसतं टेकलं तर जास्त जाड पट्टी बघावी लागली असती.

आता चिकटवण्याचं. पट्टीला मागे जो पांढरा फोमचा टेप आलेला तो काढून टाकला, तसला टेप आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सोडतो. त्याऐवजी थ्रीएम कंपनीचा व्हीएचबी नावाचा दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप घेतला, ऍक्रिलिक फोमचा, राखाडी असतो. भोक पाडून स्क्रू मारणारे पण असतात, ते चुकूनही करू नका, पत्र्याला भोक म्हणजे गंजाला आमंत्रण, आणि फेविक्विकने तर रंगाची वाट लागते. पण टेप कितीही चांगला असला तरी खाली पत्रा स्वच्छ नसेल तर उपयोग शून्य. आणि स्वच्छ म्हणजे नुसतं धुतलेलं नाही. आधी साध्या शॅम्पूने धुतलं (वॅक्सवाला नको), मग क्ले बार (रंगावर चिकटलेली बारीक घाण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवला, हाताला खरखर लागते ती जाईपर्यंत, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धं-अर्धं करून कोऱ्या मायक्रोफायबरने पुसून घेतलं. हे अल्कोहोल मोबाइल रिपेअरवाले वापरतात, त्यांना सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. पाणी मारून बघायचं, पाण्याचे मणी होऊन घरंगळले तर समजायचं वॅक्स अजून आहे, पाणी पसरलं तर ठीक.

जानेवारी चालू होता, पुण्यात सकाळी पत्रा बर्फासारखा. हा टेप २१ ते ३८ डिग्रीत लावलेला चांगला, गार पत्र्यावर तो नीट पसरतच नाही. म्हणून दुपारी गाडी वर उन्हात आणून लावली, पत्रा कोमट झाला की सावलीत घेतली. पावसाळ्यात तर या भानगडीत पडूच नये, हवेतला ओलावाच पत्र्यावर बसतो.

लाइन मारताना एक लक्षात ठेवा, खुणा जमिनीपासून घेतल्या तरी लाइन जमिनीपासून मोजून मारू नका. बेसमेंटला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, वरच्या रस्त्याला वेगळा असतो, पट्टी तिरकी जाईल. मी खुणेपासून दाराच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं आणि तेच सगळीकडे ठेवलं, दोन्ही दारं बंद करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला आणि त्याखाली मास्किंग टेप मारला. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. दार उघडताना बिजागरीकडची कड आत जाते, पुढच्या दाराची फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) आत आणि मागच्या दाराची पुढच्या दाराच्या मागे. पट्टी अगदी कडेपर्यंत नेली तर दार उघडताना ती फेंडरला घासणार किंवा दोन पट्ट्या एकमेकींना टोचणार. म्हणून तुकडे आधी नुसत्या मास्किंग टेपने लटकवून प्रत्येक दार पूर्ण उघडून-मिटून बघितलं, पुढच्या दाराला बिजागरीकडे एक सेंटीमीटर आणि बाकी ठिकाणी सहा-सात मिलिमीटर जागा सोडली. टोकं हॅक्सॉ ब्लेडने तिरकी कापली आणि सॅंडपेपरने घासून गोल केली, नाहीतर सरळ कापलेल्या टोकात कपडा अडकतो, आणि आमच्याकडे ओढणी अडकणारच.

चिकटवताना टेपचा लाल कागद पूर्ण सोलायचा नाही. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच सोलून बाहेर दुमडून ठेवायचा, पट्टी लाइनवर बसवायची, टोकं दाबायची, मग कागद खालून हळूहळू ओढत यायचं आणि मागोमाग अंगठ्याने दाबत जायचं. एकदा पत्र्याला लागला की लागला, हलवता येत नाही. शेवटी जोर देऊन दाबायला रोलर नव्हता म्हणून लाटण्याला फडकं गुंडाळलं आणि फिरवलं. सासूबाई गॅलरीतून बघत होत्या, त्यांनी फक्त एवढंच विचारलं की ते लाटणं आता परत स्वयंपाकघरात येणार आहे का.

हा टेप २० मिनिटांत साधारण निम्मी पकड घेतो, २४ तासांत ९० टक्के, आणि पूर्ण व्हायला ७२ तास. तोवर पाणी नाही, धुणं नाही. यात खरी अडचण गाडी पुसणाऱ्या दादांची, ते पहाटे पाचला येऊन बादलीभर पाणी मारून जातात, कोणाला विचारत नाहीत. काचेवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली, वॉचमनला सांगितलं, आणि तरी खात्री नको म्हणून नवऱ्याने पहाटे खाली जाऊन राखण केली. आता धुताना फक्त प्रेशरचं नोझल पट्टीच्या कडेवर सरळ मारू नका म्हणून सांगून ठेवलंय. पट्टीच्या वरच्या कडेला धूळ साचते, जुन्या टूथब्रशने निघते.

फायदा झाला का, तर झाला. डाव्या पट्टीवर आता पांढऱ्या रंगाचे डाग दिसतात, म्हणजे काकांचं दार येऊन टेकून जातंय आणि पत्रा शाबूत आहे. उजवीकडे पण तसंच. मॉलमध्ये मात्र कुठलीही गाडी कुठल्याही उंचीची शेजारी येते, तिथे नशीब, एक नवा चरा पट्टीच्या वर आलाच. आणि ज्यांना वाटतं की कधीतरी काढावी लागेल, त्यांनी घाबरू नका, हेअर ड्रायरने गरम करून मागून मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी ओढली की सुटते, फक्त बऱ्याच वर्षांनी काढली तर खालचा रंग आजूबाजूपेक्षा ताजा दिसेल.

आपल्या दारांच्या कडांना मी यू आकाराचे रबरी गार्ड पण लावले, कारण आपली पोरं काही वेगळी नाहीत.

आता काकांना पण पट्टी हवीय. परवा त्यांच्या गाडीवर पाणी मारून बघितलं तर टपाटप मणी घरंगळले, सिरॅमिक कोटिंग केलेलं. म्हटलं काका, यावर टेप धरणार नाही, तेवढ्या पट्ट्यातलं कोटिंग पॉलिश मारून काढावं लागेल. "एवढे पैसे घालून केलेलं आता घासून काढू?" मग म्हटलं नुसते कडेचे गार्ड लावा, ते चिकटत नाहीत, पकडीवर बसतात. आणायचं मीच कबूल केलंय, पांढरे मिळाले तर बघते.